जावयासाठी निवडलेला कचरा

आई, तू गेल्यापासून तुला काही सांगायचं तर भिंतीकडे बघून बोलते. पण आज इतकी वैतागले आहे की भिंत पुरायची नाही, म्हणून लिहायला बसले.

वसमतच्या ज्या कचरा शेडवर मी सुपरवायझर आहे, तिथे रोबो आला आहे. रोबो म्हणजे चालता-बोलता लोखंडी माणूस नव्हे. फिरत्या पट्ट्यावर टांगलेला एक हात, टोकाला हवेनं ओढून धरणारी रबरी वाटी आणि वर कॅमेरा. पट्ट्यावरून कचरा सरकत येतो, कॅमेरा बघतो, हात बाटली उचलून बाटल्यांत टाकतो आणि पुठ्ठा पुठ्ठ्यांत. निदान कंपनीच्या व्हिडिओत तरी तसंच होतं. आपला कचरा म्हणजे दुधाच्या पिशवीत चहाचा चोथा, बाटलीत तंबाखूच्या पिचकाऱ्या आणि हंगामात सगळ्यावर हळदीची पूड. पिवळं पडलेलं प्लास्टिक त्याला पुठ्ठा वाटायचं, उचललेली पिशवी चोथ्याच्या वजनानं मध्येच गळून पडायची. कचरा निवडणाऱ्या आमच्या बायांनी पहिल्याच दिवशी त्याची पूजा केली, कुंकवाचं बोट नेमकं कॅमेऱ्याच्या काचेला लावलं आणि दुपारपर्यंत त्याला आंधळा करून ठेवलं. नाव ठेवलं जावईबापू. तिथपर्यंत मीही हसले.

काल जिल्ह्याहून साहेब तपासणीला आले. ठरायचं होतं ते एवढंच, की यंत्राला एकट्याला हे काम जमतं की बायांना ठेवायचं. मी आदल्या दिवशी बायांना बजावलं होतं, कचरा जसा येतो तसा पट्ट्यावर ओता, जास्तीचं काही करू नका. कारण सांगता आलं नाही, कंपनीचा माणूस शेजारीच उभा होता. आणि काल तो हात असा काही चालला म्हणून सांगू! एक पिशवी गळेना, एक बाटली चुकेना. साहेब निघताना म्हणाले, "मॅडम, आता बायकांची गरज दिसत नाही. पुढच्या महिन्यापासून त्यांना थांबवू."

गाडी गेल्यावर मी बायांना गाठलं. तांड्यावरून येणारी मावशी सगळ्यांत थोरली. ती कौतुकानंच म्हणाली, "ताई, आमी पाटंच येऊन सगळं निवडून ठेवलं व्हतं. पिशव्या धुतल्या, बाटल्या पुसल्या. सायेब बघून राहिले अन् त्यानं पिशवी पाडावी, बरं दिसतं का? आपल्या शेडात आल्यालं हाय ते."

"अहो मावशी, त्याची फजिती झाली असती तर तुमचं काम राहिलं असतं!"

"व्हय?" ती खालीच बसली. "मंग काहून सांगितलं न्हाई?"

मी कपाळावर हात मारून घेतला, आणि तेव्हा तू आठवलीस. तूही अशीच. मोंढ्याच्या बाजारात हळकुंडं निवडून बोटं सोलली, तरी दारात कुणी आलं की हात पदराखाली. दवाखान्यातली ती सकाळ तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. डॉक्टर राऊंडला यायची वेळ झाली आहे आणि तू म्हणतेस, "फणी दे." मी वेणी घालते. चादर नीट करायला लावतेस, कण्हणं गिळून उठून बसतेस. डॉक्टर विचारतात, कसं वाटतंय? "बरं हाय. काई तकलीफ न्हाई." मी मागून म्हणते, डॉक्टर, ही खोटं बोलते आहे, तर डोळे वटारतेस. ते गेल्यावर वर मलाच, "मोठ्या मान्सापुढं रडगाणं गाऊ न्हाई, पोरी." आपल्याला घरी सोडलं. घरी तू फार दिवस राहिली नाहीस. मला तुझा अजून राग येतो, आई. दुखतंय एवढं म्हणायला काय लागत होतं?

आज सकाळी मी साहेबांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते आधी हसले, मग चिडले, शेवटी कबूल झाले, की उद्या पुन्हा येऊन बघतो, जे दिसेल ते शेवटचं. बायांना मी समोर बसवून समजावलं आणि कशालाही हात न लावता संध्याकाळी घरी पाठवलं. उद्याचा ढीग पट्ट्यापाशी तसाच पडला होता. शेडला कुलूप लावायला गेले तर ढिगावर अगदी पुढे एक चोथा गळणारी पिशवी. साहेब आत शिरले की पहिली तीच दिसणार. तेवढी एक धुवावी म्हणून उचलली. मग तिच्या शेजारची. भानावर आले तेव्हा माझे हात नळाखाली होते आणि धुतलेल्या पिशव्या जाळीवर ओळीनं निथळत होत्या.

सकाळी बाया यायच्या आत जाऊन त्या सगळ्या परत चोथ्यात कालवणार आहे. त्यांना यातलं अक्षर सांगणार नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला सांगते. धुताना मला फार बरं वाटत होतं.