पूर्णेखालचं तेल

३ एप्रिल १९६६, अमरावती
दर्यापूरला भाषण. दीड तास. पूर्णेच्या खोऱ्यात एके काळी विशाल जलाशय होता. त्यातलं मेलेलं शेवाळ हवेवाचून गाळात गाडलं गेलं, त्याचा काळा खडक झाला, त्या खडकात तेल आहे, असं ठणकावून सांगितलं. मुंबईचा कॉम्प्युटर हे सिद्ध करील, असंही. प्रचंड टाळ्या. मेहुणे पुंजाजी म्हणाले, "भाऊजी, तेल निंगन तं मंग कपाशी काहून पेरू?" म्हटलं, निकाल येईपर्यंत पेरूच नका. घसा बसला.

९ एप्रिल
अकोल्याचा नासिर, माझा जुना विद्यार्थी, मुंबईला त्या मशीनवर आहे. त्याला माहिती पाठवली. गाळ : अफाट. शेवाळ : विपुल. पाण्यातली हवा : नाममात्र.

२ मे
नासिर विचारतो, सर, नाममात्र म्हणजे किती? मशीनला विशेषणं कळत नाहीत म्हणे. यंत्रयुगाची हीच शोकांतिका. उद्यापासून पहाटे उठून आकडे काढणार.

२१ मे
पहाट जमत नाही. ऊन फार.

११ जून
आकडे पाठवले. काही पुस्तकांतून, काही विश्वासाने. थकलो. मृग बरसला. पुंजाजींचं रान पडीक राहणार, या विचाराने झोप येत नाही. आमच्या सौ. दुर्गाबाई म्हणाल्या, "झोपा मुकाट्यानं." सख्ख्या भावाची एवढी बेफिकिरी!

३० जुलै
निकाल. गाळ उथळ, कोवळा. खाली तेल शिजण्याइतकी ऊब नाही. असाच साठत राहिला तर आणखी दीड कोटी वर्षं. म्हणजे तत्त्वतः माझंच खरं. पण पुंजाजींचा हंगाम गेला, माझ्या शब्दावर. जाऊन माफी मागायलाच हवी. उद्याच निघतो.

३१ जुलै
अंगात कणकण.

१४ ऑगस्ट, दर्यापूर
पुंजाजींच्या शेतात कपाशी. गुडघ्याएवढी! ते म्हणाले, "भाऊजी, तुमचं भाषन लय जोरदार होतं. मी तं रडलो. पन मिरग बरसला, अन् पेरून टाकलं. दुर्गाबाईनंच सांगतलं, त्यायले सांगू नोको, जीवाले लावून घेतीन."

सभेतल्या आणखी कुणी पेरणी थांबवली का, ते विचारलं. "कोनीच नाई," म्हणाले. मग जेवायला वाढलं.

माफीचं भाषण लिहून नेलं होतं, पाऊण तासाचं. तसंच खिशात परत. बसमध्ये एकदा वाचून पाहिलं.

चांगलं उतरलं आहे.