घरातलीच पोरगी

८ डिसें. २००४, यवत
माझ्या पिंट्याला पुण्याला रक्त चढवून आणलं. महिनाभर तरी गाल लाल राहतील. जेवताना आत्यानं (सासूही तीच) विषय काढला. मी तिच्या थोरल्याला दिलेली, आता माझी धाकटी बहीण लता धाकट्या संतोषभावजींना. "पोर असं आजारी. परकी आली तर त्याला बघंल व्हय? घरातलीच पोरगी पाहिजे." खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं, लता हाताशी येईल. मग पिंट्याकडं लक्ष गेलं.

१० डिसें.
बारावीला प्रथिन पूर्ण कसं होतं ते शिकवलं. रायबोसोम एकेक अमिनो आम्ल जोडत जातो. स्टॉप कोडॉनला, म्हणजे 'इथं थांब' या खुणेला, जुळणारं आम्ल आणणारा टीआरएनए नसतो, तिथं रिलीज फॅक्टर बसतो, साखळी सुटते. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, स्टॉप मधेच आला तर?" अर्धवट सुटते, म्हटलं. फळा पुसायला वळले. पिंट्याच्या थॅलेसेमियात तेच. जनुकातलं एक अक्षर बदललंय, हिमोग्लोबिनची साखळी सुरू होते न होते तोच संपते. तो दोष माझ्यात, ह्यांच्यातही. एकेकच, म्हणून आम्ही धडधाकट. पोराला दोन्हीकडून आला. लता आणि भावजी, दोघांतही असला तर...

१३ डिसें.
म्हटलं, दोघांचं रक्त तपासू. आत्या भडकली. "आमच्या रक्तात खोट काढती व्हय? तू बी त्याच रक्ताची हायस." तोच तर घोळ आहे. हे पेपरात डोकं घालून बसले. राग आला.

१७ डिसें.
माहेराहून, शिक्रापूरहून, लताला गुपचूप पुण्याला नेलं होतं. रिपोर्ट आला. तिच्यात आहे. आता सगळं भावजींवर. लता एवढंच म्हणाली, "आईला कोण सांगणार?"

१८ डिसें.
भावजींना गोठ्यात गाठलं. "वैनी, माझ्यात निघालं तर मला कोन देनार पोरगी?" सांगितलं, जिच्यात नाही तिच्याशी खुशाल करा, पोरं असली होणार नाहीत. दुपारी माझ्याबरोबर आले, रक्त दिलं. "आईला नका सांगू."

१९ डिसें., रवि.
रिपोर्ट मंगळवारी. आत्यानं सुपारी उद्याच फोडायची ठरवली, माहेरची माणसं सकाळी येतील. दोन दिवस थांबा म्हटलं तर म्हणे मुहूर्त हाय. भावजी उठून गोठ्याकडं गेले.
संध्याकाळी पिंट्याला मांडीवर घेऊन आत्या विचारत होती, "काकी कोन पाहिजे रं?"
"लतामावशी."
आत्या माझ्याकडं बघून हसली. मलाही तीच पाहिजे. आणि उद्या सगळ्यांसमोर मीच नको म्हणायचं. तोंडातून शब्द निघेल का, भीती वाटते.
पिंट्याचे गाल आत्ताच फिके दिसायला लागलेत. की मलाच तसं वाटतंय.