माझा अहवाल, दादाची बाग

३ फेब्रुवारी
बंदीच्या हुकमावर झाली सही! गावाभोवतालच्या सगळ्या खासगी बोअर बंद. अहवाल माझाच. पाणीखात्यात जमिनीखालच्या पाण्याचं काम मीच बघते, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नाही. असंच उपसत राहिलो तर अजून दोन उन्हाळे, मग गावच्या विहिरीत नुसता गाळ. एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही.
दादाची बाग त्याच पट्ट्यात येते. लिहिताना ठाऊक होतं.

५ फेब्रुवारी
दादाला फोन करायचा होता. नाही केला.

९ फेब्रुवारी
दादाच्या बोअरला सील लावायला गेलो, तर वहिनी झाकणावर बसून राहिली. "या वन्सं! माहेरी कुणी रिकाम्या हातानं येत नाही — तुम्ही कुलूप आणलंत!" शिपाई माझ्याकडे बघतोय, मी जमिनीकडे.
शेवटी दादाच म्हणाला, "ऊठ गं. तिचं काम आहे ते." मग मला — "प्यायला टँकर येईल ना?"
"येईल."
"आणि संत्र्यांना?"
मी वाकले. मोटारीची वायर काढली, स्टार्टरच्या पेटीला कुलूप, वर सील. दादानंच पेटी धरून ठेवली, कुलूप नीट बसेना म्हणून.

२७ फेब्रुवारी
सांडपाणी शुद्ध करून बागांना द्यायचं, हेही अहवालात आहे. बंदी आणि ही नळयोजना — दोन्ही एकदम, असं स्पष्ट लिहिलंय. आज साहेबांना विचारलं. हसले. "अहो बाई, बंद करायला कुलूप पुरतं. सुरू करायला निधी लागतो."

१८ एप्रिल
घसरण थांबली!! विहिरीत टेप सोडली, विश्वास बसेना, पुन्हा सोडली. पातळी जिथल्या तिथे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! एकटीच टाळ्या पिटल्या. सांगायला पहिला आठवला तो दादाच. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

२ मे
दादाकडे गेले शेवटी. पानं वळलेली. फळं सुपारीएवढी होऊन गळून पडलेली. दादा आंघोळीचं, भांड्यांचं पाणी बादलीनं घराजवळच्या चार झाडांना घालत होता. नोकरी सोडून लावलेली बाग! वहिनीनं चहा पुढ्यात ठेवला आणि आत गेली.
"पाणी थांबलं का गं घसरायचं?" दादानं विचारलं.
"थांबलं."
"मग काहीतरी सार्थक झालं म्हणायचं."
त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर घोटभर चहा तरी गेला असता.

२१ मे
बाग तोडली. वहिनीचा फोन — "वखारवाला आत्ताच गेला. हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. तुम्ही येऊ नका, एवढंच सांगायला केला."

२२ मे
ऑफिसला गेले नाही.

४ जून
बागायतदारांची सभा. मला बोलूच देईनात. "आमच्या बागांना कुलपं, हिच्या भावाची मोटार आतून चालू असेल!" असं कुणीतरी ओरडलं. हशा.
मागच्या रांगेतून दादा उठला. तो आलाय हे मला माहीतही नव्हतं. केवढा वाळलाय! म्हणाला, "चला ना घरी. बाग नाही, सरपण दाखवतो."
ओरडणारा खाली बसला.
मग खालच्या आवाजात — "पाणी थांबलंय. आता बंदी उठवायला लावलीत, तर माझी झाडं फुकट गेली."
बाहेर पडताना माझ्या शेजारून गेला. थांबला नाही. पण डोक्यावर टपली मारून गेला, लहानपणी मारायचा तशी. रिक्षात बसून रडले.

१२ जून
निवडणूक आली. वरून हुकूम — सगळी सील काढा. मी सही केली नाही, साहेबांनी केली. संध्याकाळी गच्चीवर गेले तर चहूकडून मोटारींची घरघर. दादाच्या पेटीचंही कुलूप काढून आलो, शिपाई सांगत होता. "त्यांनी वायर काही जोडू दिली नाही, बाई."