रायपूरच्या पाण्यातली डाळ

माय, मी यवतमाळ सोडते आहे. आमच्या बियाण्यांच्या कंपनीने इथलं कार्यालय बंद केलं आणि रायपूर, जबलपूर, निजामाबाद यांतलं एक शहर निवडायला सांगितलं. सोमवारी कळवायचं आहे. बाबांच्या बदलीचा कागद यायचा तेव्हा त्यावर गावाचं नाव आधीच असायचं. मला निवडायला मिळालं आहे, आणि विचारायला कुणी नाही. धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तुले काहून एवढा विचार पडला? एकटा जीव. कोठीबी भागते." त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. पोरांच्या शाळा नाहीत, नवऱ्याची नोकरी नाही. 

फोन ठेवल्यावर तुझी पद्धत आठवली. बदलीच्या गावी खोली पाहायला निघालीस की पदराच्या टोकाला मूठभर तुरीची डाळ बांधायचीस. भिंती, मोरी, भाडं हे सगळं नंतर. आधी तिथलं पाणी पितळी गंजात घ्यायचं, शेजारणीच्या चुलीवर ठेवायचं आणि डाळ शिजते की नुसतीच फुगते ते पाहायचं. नेरहून झरीला गेलो ती दुपार मला अजून दिसते. बाबांना शाळेत हजर व्हायचं आहे, ते दारात चपला घालून उभे आहेत. म्हणतात, "मी शाया पाहू का तुयी डाय?" तू चुलीवरून मान वर न करता म्हणतेस, "बदली सरकारनं केली. राहाचं मले हाय." शेजारीण कोलाम होती. तिची भाषा तुला येत नव्हती, तुझी तिला जेमतेम. तरी दोघी गंजात डोकावून हसत होतात. त्या पाण्यात डाळ शिजली नाहीच, आणि आपण तरीही तिथेच राहिलो, लांबच्या हापशीवरून पाणी आणत. मग त्या परीक्षेचा उपयोग काय होता, हे मी तुला कधी विचारलं नाही. आता वाटतं, डाळ शिजो न शिजो, संध्याकाळपर्यंत तुला एक शेजारीण झालेली असायची.

निजामाबाद मी भाषेचं कारण देऊन खोडलं. ती कोलाम शेजारीण आठवून लाज वाटली, पण खोडलं. जबलपूरला मीही मूठभर डाळ घेऊन खोली पाहायला गेले. घरमालकांनी व्हरांड्यातच विचारलं, फॅमिली कुठे आहे. नाही म्हटल्यावर खोली कालच कुणाला तरी दिल्याचं त्यांना आठवलं. डाळ पिशवीतून बाहेर काढायचीही वेळ आली नाही.

रायपूरच्या मालकीणबाई साठीच्या पुढच्या, एकट्याच राहतात. डाळीचं सांगताना माझी जीभ अडखळली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, कुकर लावते. मी म्हटलं, नको, साधं पातेलंच हवं. मग आम्ही दोघी त्यांच्या गॅसपाशी स्टुलांवर बसलो. गप्पा रंगल्या होत्या तोवर डाळ मोडायला लागली. मला लहान मुलीसारखा आनंद झाला. परतीच्या गाडीत मात्र आठवलं की तू नेहमी मागच्या सालची डाळ न्यायचीस. "नवी डाय कोणत्याबी पाण्यात शिजते," म्हणायचीस. मी नेलेली यंदाची होती. जुनी घरात होती, खालच्या डब्यात. ती माझ्या हाताला लागली नाही की मीच तिकडे हात नेला नाही, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

तरी रायपूरच कळवणार आहे. आणि एक गोष्ट राहिली. धाकट्याला ती सांगता येणार नाही, आणि तू गेल्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. डाळ ढवळता ढवळता मालकीणबाईंनी विचारलं, "कितने जन रहोगे?" जबलपूरचा व्हरांडा डोक्यात होता, असं मला म्हणता येईल. पण त्या स्वतःच एकट्या, त्यांना मी एकटी चालले असते. मी म्हणाले, "दो. मैं और मेरी माँ." त्यांनी लगेच वरची खोली बाजूला ठेवली आणि म्हातारीला जिना नको म्हणून खालची, स्वतःच्या भिंतीला लागून असलेली देऊ केली. माताजींचे गुडघे कसे आहेत, असं विचारलं. मी सांगितलं, दुखतात, पण कुणाचं ऐकत नाही. मग तू चहात किती साखर घालतेस तेही सांगितलं, त्यांनी विचारलं नसताना. त्यांना फोन करून खरं सांगायला हवं. अजून केलेला नाही.