आत्याचं वजन

नेइआफू, १२ मे

चि. सौ. कालोलाइन हिला ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी पेटी मिळाली. झगे सुरेख आहेत, पण तू ताईचं माप पार विसरलीस; तिन्ही झगे खांद्यापाशीच अडून बसले. शेवटी चर्चमधल्या पोरींना देऊन टाकले.

तुला म्हणून लिहिते. शिंपल्याने कापलेली पायाची करंगळी भरत नाही. काळी पडत चाललीय आणि मुळीच दुखत नाही, त्याचीच भीती वाटते. आत्याचंही असंच सुरू झालं होतं. आणि आत्या घरात आहे गं. दुपारी आडवी झाले की तिच्या खोबरेल तेलाचा वास येतो आणि ओसरीवरचा तिचा बाक करकरतो. जाऊन बघावं तर कुणी नसतं. काल मी तिला बजावलं, की न्यायला आली असशील तर जरा थांब, झाडाच्या सालीचं कापड अजून कुटून व्हायचंय.

दवाखान्याचं नाव काढू नकोस. त्या परक्या पोरसवदा डॉक्टरने आपला काटा पुरत नाही म्हणून आत्याला धक्क्यावर, खोबऱ्याच्या पोत्यांच्या काट्यावर पाठवलं, आणि हमाल खो खो हसले. तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नाही. पाय सडून गेली. आता त्याच डॉक्टरच्या खुर्चीत आपला भाऊ सेमिसी बसतो, म्हणजे माझी वाट दोन्हीकडून बंद.

प्रार्थनेत तुझी आठवण असतेच. लोभ पेटीतून कमी आणि पत्रातून जास्त पाठवत जा.

तुझी ताई,
हेपिसिपा

ऑकलंड, २४ मे

ति. ताईस कालोलाइनचा सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दुखत नाही म्हणून दिवस ढकलू नकोस. इथे म्हाताऱ्यांच्या आश्रमात मी ज्यांना आंघोळ घालते, त्यांचे पाय बघते ना मी! आधी बोट जातं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं.

कामावरच्या बायकांना सांगितलं, की आमचा भाऊ डॉक्टर आहे, पण आमच्या रीतीप्रमाणे बहिणीच्या अंगाविषयी तो शब्द काढू शकत नाही आणि ती असेल त्या खोलीत बसूही शकत नाही. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. तो भाऊ नसता तर गेले असते, असं तू म्हणशील. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! मी त्याला लिहिते. कसं, ते माझं मी बघते.

तोवर आत्याला सांग, की ताई एवढ्यात मिळायची नाही. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
कालो

ऑकलंड, २५ मे

चि. सेमिसीस आशीर्वाद.

लिहायचं ते तुला लिहिता येत नाही, हे तू समजशील. आत्याच्या पायाला जे झालं, ते आपल्या घरात परत आलंय. कुणाच्या पायाला, ते विचारू नकोस. रविवारी दुपारी आत्याच्या थडग्यावरची फुलं कोण बदलतं, ते तुला ठाऊक आहे.

बहीण गेली पण रीत सांभाळली, असं लोक तुला म्हणतील. मला तसला मान नको, मला ताई हवी. राग आला तरी लोभ सोडू नकोस.

कालोलाइन

नेइआफू, २० जून

चि. सौ. कालोलाइनला आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

रविवारी मी थडग्यावरची वाळू सारखी करत होते. फाटकातून सेमिसी आला. मी उठणार, तोच तो माझ्याकडे पाठ करून चाफ्याखाली बसला आणि चक्क आत्याशी बोलायला लागला. आधी तिची माफी मागितली, की माझ्या आधी या खुर्चीत बसलेल्या डॉक्टरने तुला पोत्यासारखं तोललं. मग म्हणाला, की आत्या, वजन हा काही तुझा गुन्हा नाही, आपली हाडंच तशी. पण रक्तात साखर साचली की जखम भरत नाही, आणि काळं पडलेलं बोट एकटं जात नाही. तुला उपाशी नाही मारणार. नारळाच्या दुधातली अळूची पानं खा, पण डब्यातलं खारट मांस सोड. मंगळवारी राजधानीहून डॉक्टरीणबाई येतेय, मी त्या दिवशी धक्क्यावर थांबेन, दवाखान्यात पाऊल टाकणार नाही. बोलता बोलता तो रडायला लागला. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण कसा ठेवणार?

मग मीही आत्यालाच सांगितलं, की तुझ्या भाच्याला टोपी घालून फिरायला सांग, ऊन फार आहे. आणि मंगळवारी येईन, असंही सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी दार लावलं, काट्यावर उभं राहायला चालेल का असं विचारलं. मी डोळे मिटून चढले. तेलाचा वास आला. हातात हात आला, धक्क्यावर होता तसाच. बाई आकडा बघून चपापल्या आणि मला उतरायला म्हणाल्या. मी उतरले, तरी काटा जागचा हलला नाही. मग सावकाश, कुणी जपून एकेक पाऊल खाली ठेवावं तसा शून्यावर आला. काटा जुना झालाय, असं त्या म्हणाल्या.

करंगळी गेली, पाय वाचला. घरी आल्यापासून वास येत नाही आणि बाकही गप्प आहे. मला करमत नाही. ती मला न्यायला आली नव्हती गं. तिलाच दवाखान्यात जायचं होतं, आणि एकटीने जायचा धीर होत नव्हता.

आम्हां दोघींवर लोभ असू दे.

तुझी ताई,
हेपिसिपा