कादंबरीची वीस मिनिटं

६ ऑक्टोबर, रविवार

आज सकाळी नरेंद्रच्या दारापर्यंत गेलो आणि बेल न वाजवता परत आलो.

पूजा झाली होती, जप झाला होता. लेक कादंबरी त्याच्याकडे जाताना डबा विसरली म्हणून द्यायला गेलो. नरेंद्र समोरच्याच इमारतीत राहतो, चौथ्या मजल्यावर. माझ्याच ऑफिसात आहे. मूळचा पुण्याचा, एकटा, आणि भिंतभर जुन्या रॉक आणि सोलच्या रेकॉर्ड्स. दर रविवारी इथल्या मराठी मंडळातली चार-पाच मुलं त्याच्याकडे ऐकायला जमतात.

दार वाऱ्यासाठी उघडं ठेवलेलं. आत माझी मुलगी बोलत होती — मराठीत.

"काका, मग त्याने गिटारच पेटवली?"

"पेटवली. सदुसष्ट साली, भर महोत्सवात. गुडघे टेकून बसला आणि हातांनी ज्वाळा वर बोलावायला लागला. जवळजवळ पूजाच म्हण."

"थांबा. मी ते परत ऐकतो."

मी ऐकतो. आमच्या कागलकडच्या मुली बोलतात तसं. नरेंद्र हसला नाही. सुधारलंही नाही.

सतरा वर्षांची आहे. माझ्या वाट्याला तिचा एकच जपानी शब्द येतो — 'बेत्सुनि'. विशेष काही नाही. शाळा कशी होती? बेत्सुनि. काय खाणार? बेत्सुनि.

डबा मीच खाल्ला.

८ ऑक्टोबर

सुप्रभाला सांगितलं. भांडी विसळता विसळता म्हणाली, "अहो, पोरगी मराठी बोलतेय ना? मग कुणाशी का बोलेना." थोड्या वेळाने मागे वळून — "आणि तुमचं तोंड असं का झालंय?"

९ ऑक्टोबर

जळतो आहे. लिहिल्याने कमी होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

११ ऑक्टोबर

सकाळी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये, तोझाई लाईनवर, नरेंद्र भेटला. चेंगराचेंगरीत त्याची बॅग माझ्या बरगडीत, आणि तोंडाने इतिहास चालू. सहासष्ट साली इंग्लंडचे ते चौघे बुदोकानमध्ये गायले, तेव्हा जपानी लोक चिडले होते म्हणे — ही कुस्ती-जुदोची पवित्र जागा, इथे हे कसलं गाणं!

मी म्हणालो, "मी त्या लोकांच्या बाजूचा. आमच्या तालमीत कुणी गिटार आणली असती तर वस्तादांनी आधी गिटार मोडली असती, मग माणूस."

हसला. मोकळा हसतो. तेही मला आवडत नाही.

मग म्हणाला, "चंद्रहास, तुझ्या लेकीला कान आहे रे. दिवाळीच्या कार्यक्रमात तिला वीस मिनिटं दे. रॉक आणि सोलच्या इतिहासातले पाच क्षण सांगणार आहे ती. मराठीतून."

माझ्या मुलीला काय येतं ते हा मला सांगतो. मंडळाची कार्यक्रमपत्रिका मी करतो, म्हणून मला विचारलं. "बघतो," म्हणालो.

१३ ऑक्टोबर, रविवार

तिचं नाव यादीत लिहिलं होतं. खोडलं.

जेवताना सांगितलं, वेळ बसत नाही. ती म्हणाली, "वाकात्ता." कळलं. ताट उचलून गेली.

वेळ बसत होता. माझ्या भजनालाच वीस मिनिटं आहेत, अकरा वर्षांपासून आहेत.

देवापुढे बसलो. माळेचे मणी पुढे सरकत होते, नाम येत नव्हतं.

१५ ऑक्टोबर

नरेंद्रने सांगितलेलं एक गाणं येताना फोनवर ऐकलं. चोरून ऐकावं तसं. गाणारा सव्वीस वर्षांचा. शेवटी शब्द सुचले नाहीत म्हणून नुसती शिट्टी वाजवली, असं म्हणतात. तीन दिवसांनी त्याचं विमान तळ्यात पडलं.

चांगलं आहे. हे त्याला सांगणार नाही.

१८ ऑक्टोबर

आज कागदाच्या कचऱ्याचा दिवस. सकाळी गठ्ठा दोरीने बांधत होतो. वर्तमानपत्रांच्या मध्ये तिचे कागद सापडले. फेकून दिलेले. पाच क्षण, देवनागरीत, मोठ्या वाकड्या अक्षरात. मी तिला पाटीवर शिकवलेलं 'क्ष' अजून तसंच काढते.

पाचवा क्षण असा:

'१९७२. ती चर्चमध्ये गातो. पियानो पण तीच वाजवतो. खूप घाम येतो. मग त्याचा बाबा उठतो आणि रुमालने तिचा तोंड पुसतो. ती गात राहतो. मला हा सगळ्यात आवडतो.'

हात खिशातल्या पेनाकडे गेला. खरंच गेला. एका ओळीत तीन चुका, आणि मी शाळेत मराठीत पहिला येणारा.

नऊ वर्षांची होती तेव्हा. गणपतीला पुण्याची मंडळी घरी जमलेली. ती म्हणाली, "मी आरती म्हणतो." सगळे हसले. मी म्हणालो, "म्हणते म्हण. मुलगा आहेस का तू?" सगळे पुन्हा हसले. ते बोलणं ती माझ्याकडूनच शिकली होती, गावाकडचं, माझ्या बहिणींचं. पुण्यात आलो तेव्हा मलाही असेच हसले होते. म्हणून मी तिच्यावर ओरडलो. नंतर रोज सुधारत राहिलो. जेवताना, गाडीत, फोनवर आजीशी बोलतानासुद्धा. हळूहळू सुधारायला काही उरलंच नाही, कारण ती बोलेनाशी झाली.

नरेंद्रने माझं काहीही नेलेलं नाही.

गठ्ठा खाली ठेवून आलो. तिचे कागद नाही ठेवले. सांगायला हवं. आज नाही जमलं.

१९ ऑक्टोबर

आजही नाही. तिच्या दाराशी दोनदा गेलो. "काय हवंय?" — जपानीत. म्हणालो, काही नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी नवीन कार्यक्रमपत्रिका सगळ्यांना पाठवली. भजन काढलं, तिची वीस मिनिटं घातली. मग तिला समोर बसवून सांगितलं — वेळ होता. मला नरेंद्रकाकांचा हेवा वाटला म्हणून तुझं नाव मी खोडलं.

"बाबा, तुम्ही खोटा बोललास," म्हणाली. आणि मग अर्धा तास माझ्याशी भांडली. मराठीत.