नंतर द्यायचा खेळाडू

आई, मी बेसबॉलवर लिहिते. तुला हे सांगताना मलाच हसू येतंय, कारण बेसबॉल कशाशी खातात हे तुला ठाऊक नव्हतं आणि तू गेलीस तेव्हा मलाही नव्हतं. तू मला पाहिलंस ते इथल्या गोरवा भागातल्या कारखान्यात पंपांची इंग्रजी माहितीपत्रकं लिहिताना. पुढे तो कारखाना बंद पडला आणि मी एका अमेरिकन संकेतस्थळासाठी घरबसल्या लिहायला लागले, दांडिया बाजारातल्या आपल्याच घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. क्रिकेटवर मत नसलेला माणूस बडोद्यात शोधून सापडायचा नाही, त्यामुळे जो तो मला सांगतो, लिहायचंच तर क्रिकेटवर लिही, ते तरी कळतं. मी कुणाचं ऐकत नाही. हा हट्ट तुझ्याकडून आला म्हणावं तर तू कधी हट्ट केल्याचं मला आठवत नाही, तेव्हा तो माझा मीच कमावलाय.

तिकडे संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात. तुमचा एक फलंदाज आम्हाला, आमचे दोन चेंडूफेके तुम्हाला. बहुतेक खेळाडूंना कुणी विचारत नाही. फोन येतो आणि माणूस बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जातो. त्यांच्या संध्याकाळी सौदा होतो तेव्हा आमची पहाट असते. मी दूध तापवेपर्यंत त्यावर ढिगाने लेख छापून आलेले असतात आणि सगळ्यांचा सूर एकच, कोण जिंकलं आणि कोण फसलं. दोन्ही संघांना शाळेसारखे गुणही देतात. याच सौद्यावर मी वेगळं मत मांडायचं, हे माझं काम. सुरुवातीला मी अगदी स्वतःच्या डोक्याने लिहायचे, आणि उचलेगिरी तपासणारं यंत्र माझ्या वाक्याखाली लाल रेघ मारून सांगायचं की हे आधी कुणीतरी लिहिलंय. मला संताप यायचा. चोरी केली असती तर निदान कष्ट तरी वाचले असते. शेवटी एका सकाळी तिकडच्या संपादकाचा फोन आला. "बाई, तुमच्या इंग्रजीत खोट काढायला जागा नाही," तो म्हणाला, "पण हाच लेख मी दिवसभर वाचतोय, फक्त वरचं नाव बदलतं. यात तुम्हाला म्हणून काही दिसतं का? दिसत नसेल तर या लेखानंतर थांबू या."

दिसत होतं, आई. पहिल्या दिवसापासून दिसत होतं, पण तू माझ्या तोंडाला कुलूप घालून गेली होतीस. त्या सौद्यांत एक कलम असतं. एका संघाने खेळाडू आत्ता द्यायचा आणि समोरच्याने म्हणायचं, आमचा माणूस नंतर देतो, कोण ते पुढे ठरवू. बाकीचे लेखक त्यावर विनोद करतात. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तू दिसलीस. बडोद्यात आपल्यातली घरं मोजकी, त्यात दोन्हीकडे लग्नाच्या मुली, म्हणून साटंलोटं ठरलं. आत्या नागरवाड्यात मामाला दिली. तू तेव्हा शाळेत होतीस, म्हणून तिकडच्या आजोबांनी शब्द दिला की आमची मुलगी मॅट्रिक झाली की पाठवतो. तुझा निकाल लागला आणि तू बाबांच्या घरी आलीस. माझी आत्या हीच माझी मामी, याची मला लहानपणी केवढी मजा वाटायची!

मग एकदा एका सामन्याची चित्रफीत पाहिली. सामना ऐन रंगात आहे, एक जण आपल्या जागेवर उभा आहे, आणि प्रशिक्षक त्याला हाताने बाहेर बोलावतो. सौदा झालाय. तो सोबत्यांना मिठ्या मारतो, हातमोजा उचलतो आणि आत निघून जातो. आणि मी आपल्या स्वयंपाकघरात उभी आहे, तिसरीतली. तव्यावर थालीपीठ आहे. बाहेर आत्या पिशवी घेऊन आली आहे, मामाने तिच्यावर हात उचललाय. बाबा दारात येऊन म्हणतात, "ती परत आलीये. आता तूही जा." तू इतकंच विचारतेस, "आत्ताच?" बाबा दारातून बाजूला होतात. तू थालीपीठ उलटतेस, दुसरी बाजू होऊ देतेस, माझ्या ताटात वाढतेस, स्टोव्ह बंद करतेस आणि दोन साड्या घेऊन जातेस. मामाने मारलं आत्याला आणि घराबाहेर काढलं तुला, हा कुठला न्याय? नागरवाडा चालत दहा मिनिटांवर, तरी मला तिकडे जायची बंदी होती. दिवाळी तशीच गेली. आत्या मला वाढत होती आणि तू तिकडे तिच्या मुलांना. दोन्ही घरांची चूल पेटलेली होती, तेव्हा कुणाचं काही अडलं नाही.

वडीलधाऱ्यांनी मिटवल्यावर तुम्ही दोघी एकाच दिवशी आपापल्या घरी परतलात. शेजारच्या गुजराती काकींनी मला ओट्यावर गाठून विचारलं, "मम्मी क्यां गयी'ती, बेटा?" मी खरं तेच सांगितलं, "फोईना बदलामां गयी'ती." आत्याच्या बदल्यात. तू मला दंडाला धरून आत ओढलंस. मारलं नाहीस, पण इतक्या जवळून तुझा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "घरातलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. मी माहेरी गेले होते. काय सांगशील?" मी म्हटलं, माहेरी गेली होती. "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. मग तू तवा घासायला बसलीस. ती शिकवण मी आजवर पाळली, आणि आज तोंडावर सांगते, ती चूक होती. लाज ज्यांना वाटायला हवी होती ते पुढच्या खोलीत पान खात बसले होते, आणि त्यांची अब्रू सांभाळायचं काम तू माझ्यावर टाकलंस. मी तिसरीत होते गं.

संपादकाच्या फोननंतर मी नागरवाड्यात गेले. आत्या आता फार थकलीये, पण जिभेला धार तशीच आहे. बेसबॉलचं सगळं तिला समजावून सांगितलं, कलमासकट. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे तिकडेही आहे का हे? बरंय. त्यांना निदान टाळ्या तरी मिळतात." मी विचारलं, "आत्या, आपल्या घराचं लिहू का?"  "इतक्या वर्षांत मला कुणी पहिल्यांदाच काही विचारतंय," ती म्हणाली. "लिही. आणि मामाने मारलं होतं, तेही घाल. नुसतं भांडण म्हणू नकोस."

घातलं. कोण जिंकलं यावर एक ओळ लिहिली नाही, गुणही दिले नाहीत. नंतर द्यायच्या त्या पोरावर लिहिलं, ज्याचं नावसुद्धा सौद्याच्या दिवशी कुणाला सांगावंसं वाटत नाही, आणि मधोमध तुझं थालीपीठ ठेवलं. लाल रेघ एकही आली नाही. संपादक म्हणाला, लेख सुरेख आहे, पण स्वयंपाकघराचा परिच्छेद काढू या, वाचक खेळासाठी येतात. मी म्हटलं, तो काढणार असाल तर अख्खा लेख परत द्या, मी थांबते. त्याने जसाच्या तसा छापला. खाली एकाने लिहिलंय की भारतातल्या बाईला बेसबॉलमधलं काय कळतं. त्याला मी उत्तर दिलं की खेळातलं कमी कळतं, सौद्यातलं तुमच्यापेक्षा जास्त. पुढचा लेखही मलाच सांगितलाय, आणि मी तोही असाच लिहिणार आहे.

हे पत्र तुझी परवानगी मागायला लिहायला घेतलं, असं म्हणायला बरं वाटलं असतं. पण लेख कधीच छापून झालाय. पत्र आधी लिहिता आलं असतं, पाठवायचं तर तेव्हाही नव्हतंच. आत्याला विचारलं, कारण ती लिही म्हणणार हे मला ठाऊक होतं. तू नको म्हणाली असतीस, हेही ठाऊक होतं. म्हणून तुला तेवढं विचारलं नाही, आपल्या घरात सगळे पहिल्यापासून करत आले तसंच.